गाडीची पायताणं

नवी गाडी दारात आली की तिचे कौतुक वरून सुरू होते आणि खाली पोचेपर्यंत संपते. रंगाला सगळे छान म्हणतात. सीटवर बसून दोन उसळ्या मारून बघतात. शेजारचे काका बॉनेट उघडायला लावतात आणि आतल्या यंत्राकडे, डॉक्टरने एक्स-रे बघावा तशा मुद्रेने पाहून नुसते ‘हं’ म्हणतात. डिकी उघडून तिच्यात गावाला जाताना किती बॅगा मावतील आणि येताना तांदळाचे पोते मावेल का, याचा अंदाज घेतला जातो. टायरच्या वाट्याला येते ते फक्त एक लिंबू. तेही पूजेपुरते. गाडी लिंबावरून गेली, ‘फट्’ असा आवाज झाला, की टायरचे धर्मकार्य आटोपले. पुढे पाच वर्षे त्याला कोणी विचारत नाही. विचारतात ते पंक्चर झाल्यावर, आणि त्या वेळी जे शब्द वापरतात ते पूजेच्या पोथीतले नसतात.

वास्तविक गाडीचा आणि धरणीमातेचा संबंध येतो तो याच चार ठिकाणी. आणि तोही किती? लहान गाडीचा टायर रस्त्याला जिथे टेकतो तो तुकडा साधारण तळहाताएवढा. आठ-नऊशे किलोची गाडी, आत चार माणसे, मागे ते तांदळाचे पोते, आणि हा सगळा संसार चार तळहातांवर धावत असतो. इंजिनाचे काम वेग देण्याचे, ब्रेकचे काम चाक अडवण्याचे. पण रस्ता धरून ठेवायचा तो या चार तळहातांनीच.

म्हणून मी टायरला गाडीचे पायताण म्हणतो. आणि पायताणाच्या बाबतीत मराठी माणूस फार पूर्वीपासून शहाणा आहे. कोल्हापुरी चप्पल घालून जुलै महिन्यात बाहेर पडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पाहिलाच तर तो नवा जावई असावा. आमच्या लहानपणी घरात पैशाची चणचण कायमची. तरी मृग लागला की चामड्याच्या चपला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जात आणि रबरी नाहीतर प्लॅस्टिकच्या पावसाळी चपला खाली येत. दोन-दोन जोड ही चैन नव्हती. उलट चामड्याची चप्पल पावसात भिजून, फुगून, अंगठा तुटून वर्षाच्या आत गेली तर दुसरी कुठून आणायची, या धास्तीपोटी केलेली ती काटकसर होती. परवडत नव्हते म्हणूनच दोन जोड होते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचा हिशेब होणार आहे.

हे सगळे निघाले माझ्या भाच्यामुळे. भाचा कॅनडात असतो. राहतो ओटावाला आणि नोकरीला जातो नदीपलीकडे गातिनोला. पुलाच्या अलीकडे ऑन्टारिओ प्रांत, पलीकडे क्वेबेक. क्वेबेकने २००८ पासून कायदाच केला, की तिथे नोंदलेल्या गाड्यांना हिवाळ्यात हिवाळी टायर लावलेच पाहिजेत. आधी मुदत १५ डिसेंबर ते १५ मार्च होती. २०१९ पासून ती १ डिसेंबरला सुरू होते. ऑन्टारिओत अशी सक्ती नाही. भाच्याची गाडी ऑन्टारिओत नोंदलेली. म्हणजे पूल ओलांडून गेला तरी क्वेबेकचा कायदा त्याला लागू होत नाही. क्वेबेकचा बर्फ मात्र होतो.

गाडी लहानशी, तीही दोन मालक पाहून आलेली. पगार बेताचा, घरभाडे भक्कम आणि घरात तीन महिन्यांची मुलगी. नोव्हेंबरात त्याचा फोन आला.

“मामा, गाडीला बारमाही टायर आहेत. हिवाळ्याचे वेगळे घ्यावेत म्हणतात सगळे. स्वस्तातले कुठले घेऊ? की आहेत तेच चालतील?”

पूर्वी परदेशचा फोन म्हणजे ‘कसे आहात, बरे आहोत, ठेवतो’ एवढाच असायचा, कारण मिनिटाला पैसे पडत. आता तो फुकट झाला आहे. आणि ज्याने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला अशा मामाला फुकटच्या फोनवर सरळ प्रश्न विचारणे हे धाडसच. टायर कुठला घ्यावा, या प्रश्नाला मी उत्तर सुरू केले ते सन १८३९ पासून.

रबराची पहिली परीक्षा घेतली ती हिवाळ्यानेच. १८३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत रबराच्या वस्तूंचे खूळ आले होते. रबरी बूट, रबरी कोट, टपालाच्या रबरी पिशव्या. विकत घेताना सगळे झकास. पण हे कच्चे रबर. उन्हाळा आला की त्याचा चिकट, घाण वासाचा काला होई आणि हिवाळ्यात ते लाकडासारखे ताठ होऊन तडकत असे. कारखाने धडाधड बुडाले. या बुडत्या धंद्यात चार्ल्स गुडइयर नावाच्या माणसाने उडी घेतली. कर्जापायी तुरुंगाची हवा खाल्ली, बायकामुलांचे हाल केले, पण रबर सोडले नाही. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी त्याच्या ध्यानात आले, की गंधक मिसळलेले रबर तापवले तर ते वितळत नाही, पक्के होते. सांगतात की तो तुकडा त्याने रात्रभर घराबाहेर थंडीत खिळ्याने अडकवून ठेवला आणि सकाळी वाकवून पाहिला. वाकला! हिवाळी टायरची पहिली चाचणी म्हणायची ती हीच. टायर मात्र तेव्हा जन्माला यायचा होता.

१८४४ मध्ये गुडइयरला पेटंट मिळाले आणि त्याबरोबर कोर्टकचेऱ्याही. १८६० साली तो वारला तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. त्याच्या नावाची कंपनी निघाली १८९८ साली, त्याच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी, आणि तिचा त्याच्या घराण्याशी संबंध नव्हता. ज्याने शोध लावावा त्याच्या पदरी कर्ज आणि ज्याने नाव लावावे त्याच्या पदरी नफा, हा नियम आपल्याकडच्या फरसाणाच्या दुकानांपुरताच आहे असे समजू नये.

हवेच्या टायरचीही तीच गत. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते. पण तेव्हा मोटार नव्हती, धड सायकलही नव्हती, म्हणून जग ते विसरून गेले. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची चाके बसवली आणि तोच शोध पुन्हा लावला. थॉमसनचे जुने कागद पुढे आल्यावर डनलॉपचे पेटंट रद्द ठरले. नाव मात्र डनलॉपचेच राहिले.

“मामा,” भाचा मध्येच म्हणाला, “मुलगी उठेल. टायर कुठले घेऊ?”

“येतोय, येतोय. अजून मोटारीला बर्फ लागायचाय.”

मोटारीला बर्फ लागला तेव्हा पहिल्या मालकांनी सर्वांत स्वस्त उपाय केला. त्यांनी गाडी बाहेर काढणेच बंद केले. छत नाही, काचा नाहीत, अशी ती गाडी; थंडी पडली की ठोकळ्यांवर चढवून ठेवायची आणि वसंतात खाली उतरवायची. घोडा होताच. पुढे मोटारीशिवाय चालेनासे झाले तेव्हा लोक चाकांना दोरखंड गुंडाळू लागले. ते पाहून हॅरी वीड या न्यू यॉर्क राज्यातल्या गृहस्थाला टायरवर चढवायच्या लोखंडी साखळ्या सुचल्या, आणि १९०४ मध्ये त्याने त्यांचे पेटंट घेतले. साखळी खोल बर्फात आजही उत्तम. पण बर्फ संपून साधा रस्ता लागला की खडखडाट, आणि मग खाली उतरून, गारठलेल्या बोटांनी ती काढा. दोन मैलांवर पुन्हा बर्फ. पुन्हा चढवा. साखळीने एका हिवाळ्याचा प्रश्न सोडवला. पण हिवाळे दोन आहेत हे तिला ठाऊक नव्हते.

मग आला जॉन साइप. याची कथा पायताणाचीच आहे म्हणून मला विशेष प्रिय. सांगतात की हा गृहस्थ खाटीकखान्यात काम करी आणि तिथल्या ओल्या, निसरड्या फरशीवर पाय घसरत म्हणून त्याने आपल्या बुटांच्या रबरी तळव्यांना सुरीने बारीक चिरा पाडल्या. कथा असो वा खरे असो, त्या चिरांचे त्याचे पेटंट १९२३ सालचे आहे आणि ते इतिहासात जमा आहे. आजच्या कुठल्याही हिवाळी टायरकडे जवळून पाहा. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर वांग्याला द्याव्यात तशा बारीक नागमोडी चिरा दिसतील. त्यांना जगभर साइपचेच नाव आहे. टायर रस्त्यावर टेकला की या चिरा उघडतात, त्यांच्या असंख्य कडा बर्फाला धरतात आणि वरचे पाणी टिपून घेतात. गंमत म्हणजे भुसभुशीत बर्फ या चिरांत आणि खाचांत अडकून बसतो तोही उपयोगाचा. बर्फाला बर्फ चांगला धरतो. मुलांचे बर्फाचे गोळे त्यावरच जमतात.

यानंतर फिनलंड. तिथल्या एका रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये लहान गाड्यांसाठी खास हिवाळ्याचा टायर काढला. त्याआधी असा टायर जगात कुठे नव्हता. हा कारखाना पुढे १९६७ साली ज्या कंपनीत विलीन झाला तिचे नाव नोकिया. होय, तीच. जिचा फोन जिन्यावरून पडला तर जिन्याची काळजी वाटायची, तीच ही. टायरचा धंदा १९८८ मध्ये वेगळा झाला. गाडीच्या त्या टायरला नाव दिले होते हक्कापेलीटा; तीसवर्षीय युद्धात स्वीडनच्या राजासाठी लढलेल्या फिनलंडच्या घोडेस्वारांचे नाव. आपण टायर काढला असता तर ‘बारगीर’ नाव दिले असते, असे मी म्हणालो. भाचा हसला नाही. लहान मूल झोपलेले असले की माणसे फोनवर हसत नाहीत.

आणि आता तुझ्या प्रश्नाचा धडा, मी म्हणालो. मॉन्टे कार्लोची शर्यत.

ही शर्यत जानेवारीतली. युरोपातल्या निरनिराळ्या शहरांतून निघून, आल्प्सचे घाट ओलांडून, भूमध्य समुद्राकाठी मोनाकोला उतरायचे. एकाच रात्रीत कोरडा डांबरी रस्ता, पाऊस, गुडघाभर बर्फ आणि काचेसारखी निसरडी वळणे. म्हणजे तुमचे सगळे कॅनडा एका रात्रीत. आणि ही शर्यत गाजवली कोणी? मिनी नावाच्या एका चिमुकल्या ब्रिटिश गाडीने. १९५९ साली मध्यमवर्गीयांसाठी काढलेली गाडी, चाके अवघी दहा इंचांची. १९६४ मध्ये मिन्स्कहून निघालेल्या पॅडी हॉपकर्कने ती पहिली आणली. १९६५ मध्ये टिमो मॅकिनेनने बर्फाच्या वादळातून पहिली आणली. १९६६ मध्ये पहिल्या तिन्ही मिनीच आल्या, तेव्हा पंचांनी त्यांच्या पुढच्या दिव्यांत खोट काढून त्यांना बाद केले. या प्रकारावरून तिथल्या पंचांचे आणि आमच्या शाळा तपासनीसांचे काही दूरचे नाते असावे असे मला वाटते.

त्या काळात मोठे संघ ढिगाने टायर घेऊन येत. एक कोरड्याचा, एक ओल्याचा, एक मऊ बर्फाचा, एक खिळ्यांचा. घाटाघाटाला टायर बदलायचे. १९६७ साली संयोजकांनी नियम काढला: एका टप्प्याला आठच टायर. जवळ जवळ आपल्यासारखीच अवस्था! पैशाने नाही म्हणा, नियमाने. आता रस्त्यावर पुढे नेमका कुठला हिवाळा आहे, हे कळल्याशिवाय आठांत भागणार कसे? म्हणून संघांची माणसे शर्यतीच्या पुढे जाऊन कुठल्या वळणावर बर्फ आहे आणि कुठे कोरडे आहे याची टिपणे आणून देत. फिनलंडच्या राउनो आल्टोनेनने त्या आठांत भागवले आणि मिनी पुन्हा पहिली आणली, अवघ्या तेरा सेकंदांनी. स्वस्तात टायर निवडणे म्हणजे काय, हे त्यात सगळे आले. पुढचा हिवाळा कोणता, याची बातमी आधी काढायची. टायर मग.

“म्हणजे खिळ्यांचे घेऊ का?” भाच्याने विचारले.

खिळ्यांचे टायर १९६० नंतर फार बोकाळले. काचेसारख्या बर्फावर लोखंडी खिळ्यासारखे दुसरे काही नाही. पण बर्फ नसला की तेच खिळे रस्ता खातात. अमेरिकेत मिनेसोटाने १९७१ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. ऑन्टारिओतही बंदी आली. तिथे आता फक्त उत्तर भागात परवानगी आहे. जपानात सेंदाईसारख्या शहरांत तर खिळ्यांनी उकरलेल्या रस्त्यांची धूळ हिवाळाभर हवेत तरंगू लागली, आणि १९९० मध्ये या धुळीविरुद्ध कायदा करावा लागला. मग बिनखिळ्यांच्या, मऊ रबराच्या टायरला बरे दिवस आले. खिळ्याचेही साखळीसारखेच झाले. एका हिवाळ्याला रामबाण, दुसऱ्याला ताप.

राहिले बारमाही. १९७७ मध्ये गुडइयर कंपनीने अमेरिकेत असा टायर आणला, की उन्हाळा-पावसाळा-हिवाळा, बदलायची भानगडच नको. मध्यमवर्गाने त्याला डोक्यावर घेतले, कारण ‘एकात सगळे’ हे शब्द ऐकले की आपला हात आपोआप पाकिटाकडे जातो. अशा टायरांवर ‘एम अधिक एस’ अशी अक्षरे असतात. एम म्हणजे मड, एस म्हणजे स्नो. चिखल आणि बर्फ. पण ही अक्षरे मिळतात ती नक्षीच्या खाचा किती मोठ्या यावर. प्रत्यक्ष बर्फावर चालवून पाहावे अशी त्यांना अट नाही. म्हणजे पोहण्याची पदवी, पोहण्याचा पोशाख बघून दिलेली! हे लक्षात आल्यावर १९९९ मध्ये नवे चिन्ह आले: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमफूल. हे मिळवायला दाबलेल्या बर्फावर परीक्षा द्यावी लागते. टायर बघताना नावाआधी हे चिन्ह बघावे. नावाला पैसे पडतात. चिन्ह स्वस्तातल्या टायरवरही असते.

“बारमाही वाईट असतात का मग?”

वाईट नसतात. एका विशिष्ट हिवाळ्याचे असतात. सहा-सात अंशांच्या खाली पारा उतरला की साध्या टायरचे रबर ताठू लागते. पुण्यात पारा दहावर आला की माणसे कानटोपी घालून, हात काखेत घेऊन जशी आखडून चालतात, तसेच. आखडलेला माणूस लवकर घसरतो. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असेच कालवलेले असते.

आता हिवाळ्याची बातमी काढायची तर कॅनडाभर आपली माणसे आहेतच, आणि विचारले नाही तरी सल्ला देण्याचे आपले व्रत सातासमुद्रापारही मोडलेले नाही. भाच्याने चौघांना विचारले होते. व्हँकुव्हरचा मित्र म्हणाला, “वेगळे टायर कशाला? उगीच खर्च. इथे नुसता पाऊस असतो.” खरे आहे, त्याच्या शहराचा हिवाळा म्हणजे आपला महाबळेश्वरचा पावसाळा, थोडा थंड. मात्र शहर सोडून तो डोंगरातल्या हमरस्त्याला लागला, की ऑक्टोबरपासून हिवाळाभर तिथेही ‘एम अधिक एस’ नाहीतर डोंगर-हिमफुलाचे चिन्ह असलेला टायर लागतो. कॅलगरीचे काका म्हणाले, “आमच्याकडे सकाळी उणे पंधरा आणि दुपारी चिनूक वारा सुटला की बर्फाचं पाणी. काहीही लाव, अर्धा दिवस चुकीचंच असतं.” विनिपेगच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, उणे तीसला टायर रात्रभर उभा राहून खालून चपटा होतो. सकाळी पहिला मैलभर गाडी चौकोनी चाकांवर चालल्यासारखी धडधडत जाते.” आणि मॉन्ट्रियलवाले नुसते म्हणाले, “कायदा आहे. लाव.”

चौघेही आपापल्या जागी बरोबर होते. फक्त चौघेही ओटावात राहत नव्हते.

ओटावाचा हिवाळा कसा आहे? एकेकाळी भरवशाचा होता. तिथला रिडो कालवा दर हिवाळ्यात गोठतो आणि १९७१ पासून त्यावर जवळजवळ आठ किलोमीटरचे स्केटिंग चालते. माणसे त्यावरून ऑफिसला जातात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मात्र बर्फ पुरेसा जाड झालाच नाही आणि कालवा एक दिवसही उघडला नाही. असे पहिल्यांदाच घडले. याचा अर्थ हिवाळा सौम्य झाला, आता बारमाही चालतील, असा कोणी काढील तर तो घात होईल. कारण सर्वांत निसरडा बर्फ कडाक्याच्या थंडीतला नसतोच. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फाचा खडा बोटाला चिकटतो. दोन मिनिटांनी तोच खडा बोटातून निसटतो. शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो आणि तोच घसरवतो. विनिपेगच्या उणे तीसपेक्षा ओटावाचा उणे एक हा टायरला जास्त अवघड पेपर. दिवसा वितळायचे, रात्री गोठायचे, आणि सकाळी आठला ऑफिस.

कधीकधी गोठणारा पाऊसही येतो. १९९८ च्या जानेवारीत ओटावा आणि मॉन्ट्रियल परिसरात तो दिवसचे दिवस पडला. विजेचे मनोरे बर्फाच्या भाराने वाकले आणि लाखो घरे अंधारात गेली. अशा दिवशी सर्वांत उत्तम टायर कुठला? घराखाली उभा असलेला.

आता हिशेब. भाच्याचे म्हणणे, चार नवे टायर म्हणजे महिन्याचे दूध, डायपर आणि थोडे भाडे. मी म्हटले, वही घे.

एक: हिवाळी टायर लागतात तेव्हा उन्हाळी विश्रांती घेतात. दोन्ही जोड अर्धे अर्धे वर्ष झिजतात, म्हणून दोन्ही जास्त वर्षे टिकतात. खर्च आज दुप्पट दिसतो. पाच वर्षांत दुप्पट होत नाही. चामड्याची चप्पल माळ्यावर टाकायची ती याचसाठी. दोन: साध्या लोखंडी रिमांचा जुना संच मिळाला तर त्यावरच हिवाळी टायर कायमचे बसवून घे. दर मोसमात टायर रिमावरून काढा-घालायची मजुरी वाचते. तीन: गाडीला चालत असेल तर मापाने अरुंद टायर घे. अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगतो. आणि अरुंद टायर स्वस्तही असतो. गरिबाला निसर्गाने दिलेली ही दुर्मीळ सवलत आहे, सोडू नकोस. चार: ऑन्टारिओत २०१६ पासून हिवाळी टायर लावणाऱ्याला विमा कंपन्यांनी सूट द्यायची आहे. विचारल्याशिवाय कोणी देत नसते, म्हणून विचार. पाच: जुने टायर घेशील तर त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाच. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी म्हातारे रबर कडक झालेले असते. आणि नक्षी चार मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बर्फासाठी तो टायर संपला, कायदा काहीही म्हणो.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग तो प्रश्न आला, जो मी त्याच्या जागी असतो तर मलाही सुचला असता.

“मामा, गाडी पुढच्या चाकांवर ओढते. पुढचे दोनच हिवाळी घेतले तर? अर्ध्यात काम होईल.”

इतका वेळ मी इतिहास सांगत होतो तो गमतीने. इथे माझा आवाज बदलला असावा, कारण पलीकडे स्वयंपाकघरातून सूनबाईही फोनपाशी आली. मी म्हटले, बाळा, ही एक काटकसर करू नकोस. पुढची चाके रस्ता धरतील, मागची धरणार नाहीत. गाडी सुटेल झोकात. पण पहिल्या निसरड्या वळणावर ब्रेक मारलास की पुढचे थांबेल आणि मागचे पुढे यायला बघेल. गाडी स्वतःभोवती फिरेल. आणि मुलीची सीट मागे असते.

लोकांना वाटते, हिवाळी टायर असतो तो गाडी निघावी म्हणून. दुकानदारही तेच दाखवतो: बघा कशी चढ चढते! चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या मोठ्या गाड्यांचा तोराही तोच असतो. पण निघायला यंत्र मदत करते. थांबायला ते चार तळहातच असतात. निघता आले नाही तर ऑफिसला उशीर होतो, साहेब बोलतो, संपले. थांबता आले नाही तर त्याला साहेब पुरत नाही.

पुढच्या शनिवारी त्याने चार घेतले. मध्यम किमतीचे, नाव कुणी न ऐकलेले, डोंगर आणि हिमफूल असलेले, एक माप अरुंद, जुन्या लोखंडी रिमांवर. काढलेले बारमाही चार टायर चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आहेत आणि त्यावर सूनबाईने प्लॅस्टिक टाकून कुंड्या मांडल्या आहेत. झाडे अर्थात एप्रिलनंतर.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला त्या संध्याकाळी तो पुलावरून घरी परतत होता. पुढच्या गाडीने एकदम ब्रेक मारला. याची सविस्तर हकिकत विचारायला मी फोन केला, तर नेहमी तासभर बोलणारा भाचा एवढेच म्हणाला, “थांबली, मामा.”